मीटरबाहेरचे काका

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं की शहर संपता संपता भनपुरी येते. लाकडाच्या वखारी, आरागिरण्या, ट्रकांची रांग, टायर-पंक्चरची दुकानं आणि पलीकडे उरला भागातले कारखाने. दिवसभर इथं कानावर पडते ती हिंदी नाहीतर छत्तीसगढी, आणि वखारीच्या गल्ल्यावर कच्छी. मराठी जवळजवळ नाहीच. जुनी मराठी घरं शहरात, तात्यापारा-बूढापाऱ्याकडे. अशा वस्तीत संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला एखाद्या घरातून ‘अरे, हिले काल सगळं समजलं होतं ना, मग आज पुन्हा काहून विचारून राहिली?’ अशी गर्जना आली, की समजावं, काका टीव्हीसमोर बसले. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. सगळी नोकरी वखारीचे नाहीतर कारखान्याचे हिशेब सांभाळण्यात गेलेली. मालिकेचं शीर्षकगीत संपायच्या आत ते पहिला निकाल देतात : ‘बंडल.’ दुसरा निकाल पहिल्या जाहिरातीत, कारणांसह. तिसरा जेवताना, आमटीची वाटी बाजूला सारून. त्यात लेखक-दिग्दर्शकाला सूचना असतात. चौथा झोपताना, आणि तो वर्षानुवर्षं एकच आहे : ‘उद्या पाहू काय करते ते.’

अशा माणसाला घरोघरी हसतात. घरातली पोरं तर त्यांची नक्कलही करतात. तरीही माझं म्हणणं असं आहे, की मराठी मालिकांना आजवर मिळालेला सर्वांत प्रामाणिक समीक्षक शोधायचा असेल, तर तो दादर-पुण्यात शोधू नये, भनपुरीत शोधावा. कारण त्याच्या मताला काडीचीही किंमत नाही. मालिकेचं भवितव्य ज्यावर ठरतं तो टीआरपी देशभरातल्या काही हजार घरांत बसवलेल्या मीटरांवरून निघतो, आणि मराठी वाहिन्यांच्या बाबतीत जो आकडा दर गुरुवारी निर्मात्यांचा जीव वरखाली करतो, तो महाराष्ट्र आणि गोव्याचा असतो. छत्तीसगढमधल्या काकांनी सहाही दिवस मालिका पाहिली काय आणि टीव्ही बंद करून सहाही दिवस हनुमानचालिसा म्हटली काय, त्या आकड्यात फरक पडत नाही. काकांना नट ओळखत नाही, वाहिनी जाहिरात देत नाही, कुणी प्रीमियरला बोलावत नाही. ज्याचं मत कुठंच मोजलं जात नाही त्याला खोटं बोलायचं कारणच उरत नाही. पेपरात साडेतीन तारे देणाऱ्या किती जणांना हे म्हणता येईल?

गंमत अशी, की प्रेक्षकाला ‘तुम्हाला काय वाटलं’ हे या देशात फार आधी आणि फार गांभीर्यानं विचारलं गेलं, ते याच मुलखात. १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत ‘साइट’ नावाचा उपग्रह-दूरदर्शनचा प्रयोग झाला. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभर उसना घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही पोचवला गेला, आणि तेव्हाच्या मध्य प्रदेशातली निवडलेली खेडी होती ती रायपूरच्या भागातली. गावात एकच सामायिक संच. सकाळी शाळेतल्या पोरांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन. आणि लोकांनी काय पाहिलं, त्यांना काय पटलं, याची नोंद घ्यायला अभ्यासक गावात मुक्काम ठोकून राहिले. खताच्या कार्यक्रमावर एका शेतकऱ्याचं मत टिपायला माणूस महिनोन्‌महिने गावात राहतो, आणि पुढं रोज संध्याकाळी तीन-तीन मालिका पाहणाऱ्या काकांकडे पन्नास वर्षांत वही घेऊन कुणी फिरकत नाही! मग ते मोठ्यानं बोलतात यात नवल काय? ज्याचं लिहून घेतलं जात नाही, तो आवाज चढवतोच.

आता पहिला आक्षेप, जो सगळे घेतात : इतकं वाईट आहे तर पाहता कशाला? हा प्रश्न भनपुरीत काकूंनी विचारून झालेला आहे. उलट प्रश्न काकांनीही केला, ‘मग तू काहून पाहून राहिली?’ त्यावर काकू म्हणाल्या, ‘तुम्ही पाहून राहिले ना, म्हणून.’ याउपर वाद नाही. पण खरं उत्तर वेगळं आहे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल या मुलखावर होता, १९५६ पर्यंत नागपूर ही प्रांताची राजधानी होती, रायपुरात महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती बसतो, हे सगळं ठीक. परंतु रोजची मराठी, भाजीत मीठ कमी पडल्याची, वीजबिल भरायचं राहिल्याची, नणंदेला टोमणा मारायची मराठी, ती भनपुरीत कुठं मिळणार? ती १९९९ साली अल्फा मराठी (आजची झी मराठी) आली तेव्हा डिशमधून उतरली आणि ‘आभाळमाया’च्या रूपानं थेट बैठकीच्या खोलीत आली. काका मालिका पाहतात ते कथेसाठी नव्हे. भांडायला मराठी माणूस लागतो, आणि समोर पडद्यावर तो रोज हजर असतो. शिवाय हे फुकट नाही. हिंदी पट्ट्याच्या पॅकमध्ये मराठी वाहिन्या सहसा नसतात. मागून घ्याव्या लागतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये वाहिनीवार दर आले तेव्हा एकट्या झी मराठीचे महिन्याला १९ रुपये होते, वर जीएसटी. मोजून पैसे देणाऱ्याला माल खोटा आहे म्हणायचा हक्क नाही, असं वखारीत तरी कुणी म्हणणार नाही.

दुसरा आक्षेप शहाण्या लोकांचा : यांना तंत्रातलं काय कळतं? कळत नाही, हे मान्य. पण प्रेक्षक आपापला धंदा घेऊन टीव्हीपुढं बसतो, आणि धंद्यापुरतं त्याला दिग्दर्शकापेक्षा जास्त कळतं. सरकारी दवाखान्यातली नर्स मालिकेतल्या आयसीयूत सलाइनची बाटली थेंबही न गळता टांगलेली पाहते. भिलाईच्या पोलाद कारखान्यात तीन पाळ्यांत आयुष्य काढलेला निवृत्त माणूस विचारतो, हा उद्योगपती कारखान्यात जातो कधी? काकांचं क्षेत्र लाकूड. मालिकेतल्या खानदानी वाड्याचा दरवाजा नायिकेच्या मागं धाडकन बंद होतो आणि भिंतीसकट थरथरतो, त्या क्षणी घरातले सगळे नायिकेच्या डोळ्यांकडे पाहत असतात. काका बिजागरीकडे पाहतात. ‘सागवान नाही हे. प्लाय आहे, वर पॉलिश मारलंय. सागवानी दार असं लटपटत नाही.’ पिढीजात वाडा, सात पिढ्यांची अब्रू, आणि दार मात्र एकोणीस मिलिमीटरच्या प्लायचं! हसायला येतं खरं, पण हे वाक्य सबंध मालिकेलाही लागू पडतं.

हिशेबाच्या बाबतीत तर काकांपुढं कुणाचा निभाव लागणं कठीण. ‘माझ्या नवऱ्याची बायको’तली राधिका नागपूरकडची म्हणून सुरुवातीला त्यांना तिच्याविषयी माहेरच्या पोरीसारखी माया वाटली. (तिच्या बोलीला मात्र त्यांनी पैकीच्या पैकी कधीच दिले नाहीत, रायपूरच्या माणसाला नागपूरच्या बोलीत खोट काढल्याशिवाय चैन पडत नाही.) पण तिचा मसाल्याचा धंदा बघता बघता शेकडो कोटींच्या गोष्टी करू लागला, तेव्हा काका खुर्चीत सरसावून बसले. भांडवल कुठलं? मिरची रोखीनं घेते की उधारीवर? दुकानदार नव्वद दिवस पैसे अडवतो, तो काळ कसा काढला? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर आलं नाही. नवऱ्याच्या मैत्रिणीचं पुढचं कारस्थान आलं. ‘होणार सून मी ह्या घरची’मध्ये जान्हवीचं बाळंतपण इतकं लांबलं, की महाराष्ट्रभर त्यावर विनोद झाले. महाराष्ट्र हसला, काकांनी कॅलेंडर काढलं. विनोद करणाऱ्याला मालिका बरी की वाईट याचं देणंघेणं नसतं. कॅलेंडर काढणारा माणूस अजून आशा धरून असतो, की लेखकानं कुठंतरी हिशेब ठेवला असेल.

यावर निर्मात्यांची बाजू अशी, की रोजचा भाग द्यायचा म्हणजे आज लिहायचं, उद्या चित्रित करायचं, परवा दाखवायचं. नटांच्या तारखा सांभाळायच्या. गुरुवारच्या आकड्याप्रमाणं कथा वळवायची. यात कॅलेंडर कोण सांभाळणार? बाजू खोटी नाही. ‘चार दिवस सासूचे’चे तीन हजारांवर भाग झाले, तेवढ्या पसाऱ्यात कुणाच्या लग्नाचं वर्ष कुणाला आठवावं? पण ते काकांना आठवतं. पाहणाऱ्याला जे फुकट लक्षात राहतं ते लिहिणाऱ्याला पगार घेऊन राहू नये, हे घाईनं माफ होण्यासारखं नाही.

तिसरा आक्षेप मात्र मला जड जातो. काका म्हणतात, आमच्या वेळी असं नव्हतं. कसं होतं? तर ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ पाहा, प्रभावळकर पाहा. आता, ‘चिमणराव’ लागायचं ते मुंबई दूरदर्शनवर, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस. त्या काळी भनपुरीत ॲण्टेना कितीही उंच चढवली असती तरी मुंबई दिसली नसती. काकांनी तो जमाना पाहिला तो पुष्कळ नंतर, तुकड्यातुकड्यांत, मोबाईलवर. म्हणजे त्यांचा सुवर्णकाळ ऐकीव आहे. याहून वाईट म्हणजे त्यांचा न्याय सरळ नाही. ‘रात्रीस खेळ चाले’तल्या अण्णा नाईकांनी खून पाडले, बायका नासवल्या, काका मान डोलावून म्हणाले, ‘काय नट आहे!’ आणि कुठल्याशा मालिकेतल्या सुनेनं सासूला न विचारता नोकरी धरली, तर ‘हे काय शिकवून राहिले लोकांना?’ अण्णांच्या बाबतीत ते अभिनय पाहतात आणि सुनेच्या बाबतीत संस्कार. या मुद्द्यावर माझ्याकडे काकांचा बचाव नाही. काकूंनी तो एका वाक्यात निकालात काढलेला आहे : ‘सुनेनं खून केला असता तर चाललं असतं का मग?’ काकूंची मतं थोडी आणि कांदा चिरता चिरता आलेली असतात. समीक्षक म्हणून त्या काकांपेक्षा सरस आहेत, पण त्यांना मध्येच कुकर बंद करायला उठावं लागतं.

चित्रपटांच्या बाबतीत काका निराळे असतात. भागांची सवय झालेल्या माणसाला दोन-तीन तासांत संपणारी गोष्ट पचत नाही. शेवट झाला हे त्यांना पटायला वेळ लागतो. टीव्हीवर ‘सैराट’चा शेवट आला, पडद्यावरचा आवाज गेला, आणि त्यांनी पहिल्यांदा रिमोट दाबून पाहिला, मग डिशला शिव्या दिल्या. नायक-नायिकेचं लहान पोर रक्ताच्या पावलांनी बाहेर आलं तेव्हा रिमोट हातातच राहिला. त्या रात्री झोपतानाचा निकाल आला नाही. उद्या काय होतं ते पाहायला तिथं उद्याच नव्हता.

पण त्यांच्या मताची खरी कसोटी लागते ती ‘सद्गती’ला. सत्यजित राय यांनी प्रेमचंदांच्या कथेवरून १९८१ साली दूरदर्शनसाठी केलेला हा तासाभराच्या आतला चित्रपट, आणि त्याचं चित्रीकरण झालं ते रायपूरच्या आसपासच्या खेड्यांत. ओम पुरी, स्मिता पाटील आणि ब्राह्मणाच्या भूमिकेत मोहन आगाशे. काका हे आधी अभिमानानं सांगतात, ‘आपल्याकडचं शूटिंग आहे.’ मग ते गप्प होतात, कारण त्यात लाकूड येतं. मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून घ्यायला आलेल्या दुखी नावाच्या माणसाला ब्राह्मण एक ओंडका फोडायला सांगतो. तापातून उठलेला, उपाशीपोटी, दुखी घाव घालत राहतो आणि ओंडका हलत नाही. भनपुरीत ज्याची हयात गेली त्याला हे दृश्य समजावून सांगावं लागत नाही. ‘गाठ आहे त्यात,’ काका म्हणतात. ‘या कुऱ्हाडीनं नाही फुटत. आरीवर चढवावं लागते.’ दुखी मरतो तेव्हाही ते लाकडाकडेच पाहत असतात. मोहन आगाशे चांगला की वाईट, रायांनी प्रेमचंद किती ठेवले आणि किती सोडले, यातलं ते काही बोलत नाहीत. शेवटी एवढंच म्हणतात, ‘लाकूड खरं आहे.’

या तीन शब्दांत ‘सद्गती’वरच्या पुष्कळ लेखांइतकं आलं आहे, असं माझं मत आहे. समोर प्लायचा दरवाजा हलताना ज्यानं वर्षानुवर्षं पाहिला त्यालाच खरा ओंडका ओळखता येतो. म्हणून काकांनी वाईट मालिका पाहण्यात घालवलेला वेळ मी वाया गेला म्हणत नाही. मराठी मालिका लिहिणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की गुरुवारचा आकडा आल्यावर रायपूरचं तिकीट काढा, नागपूरहून रेल्वेनं पाच-सहा तास लागतात, आणि भनपुरीतल्या अशा एखाद्या खुर्चीशेजारी एक संध्याकाळ बसा. वही न्या. काकूंना वेगळं विचारा. फक्त रविवारी दुपारी जाऊ नका, महाएपिसोड असतो. दार कुणी उघडणार नाही.