पट्टीचे प्रेक्षक

पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचा कणही वाया जाता कामा नये, असं मानणारी माणसं प्रत्येक सोसायटीत असतात. टूथपेस्टची ट्यूब शेवटी कात्रीने उभी चिरून कोरडी करणारी. आमचे अप्पा त्याच पंथातले. पाटबंधारे खात्यात कंत्राटदारांची मोजमापं तपासण्यात त्यांची हयात गेली. त्यामुळे 55 इंची टीव्ही घरी आला, तेव्हा अप्पांनी आधी टेप लावली आणि मग प्लग. टीव्हीचे इंच तिरके मोजतात हे कळल्यावर ते जरा खट्टू झाले. पण तिरके का होईना, माप पुरतं भरलं.

घोळ झाला तो सिनेमा लावल्यावर. गुरुदत्तचा 'कागज के फूल', 1959 चा, आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप. वर काळी पट्टी, खाली काळी पट्टी. अप्पा उठले. प्रत्येक पट्टी सव्वाआठ सेंटिमीटर भरली.

"जवळजवळ चौथा हिस्सा काळा! मी काय डांबराचे पैसे दिलेत?"

नात सिनेमाचं शिक्षण घेते. ती म्हणाली, "आजोबा, चित्राची रुंदी उंचीच्या 2.35 पट आहे आणि टीव्हीची 1.78 पट. चित्र पूर्ण दिसायचं तर पट्ट्या येणारच."

अप्पांनी 'झूम' दाबलं. पट्ट्या गेल्या, पण त्यांच्याबरोबर चित्राच्या दोन्ही कडाही गेल्या. स्कोपचा दिग्दर्शक एकाला डाव्या टोकाला उभं करतो, दुसऱ्याला उजव्या. मग दोघं पडद्याबाहेर बोलत राहिले आणि अप्पा मधली मोकळी जागा पाहत राहिले. पण पडदा भरलेला होता, त्यामुळे तक्रार नव्हती.

दुसऱ्या दिवशी अत्र्यांचा 1953 चा 'श्यामची आई' लावला. आता पट्ट्या उजवीकडे आणि डावीकडे. जुन्या चित्राची रुंदी उंचीच्या जेमतेम सव्वापट-दीडपटीच्या मधली. आपला जुना डबा टीव्हीही साधारण त्याच मापाचा होता. अप्पांनी टेप तिरकी लावली. श्यामची आई 45 इंचांतच आटोपत होती.

"म्हणजे दहा इंच गिळले की!"

या वेळी 'स्ट्रेच'. चित्र आडवं ताणलं गेलं, माणसं एक-तृतीयांशाने रुंदावली. कोकणातल्या त्या ओढग्रस्तीच्या घरात सगळे अंगाने भरले. श्याम गुटगुटीत, आई गरगरीत. आईच्या हालअपेष्टांनी आजवर प्रत्येक वेळी रडलेल्या आजी मधेच म्हणाल्या, "खाऊन-पिऊन सुखी दिसतात हो."

नातीने समजावण्याचा शेवटचा प्रयत्न केला. 1980 च्या दशकात कर्न्स पॉवर्स नावाच्या अमेरिकन अभियंत्याने तेव्हा चालणाऱ्या सगळ्या मापांचे सारख्या क्षेत्रफळाचे आयत कापून एकमेकांवर ठेवले. त्या सगळ्यांना सामावून घेणारा आयत 16:9 चा, म्हणजे आपल्या टीव्हीच्याच 1.78 पटीचा, निघाला आणि त्या सगळ्यांमध्ये समाईक असलेला आयतही 16:9 चाच. अरुंद चित्र असो की रुंद, पट्टीत जाणारा हिस्सा साधारण सारखाच, जवळपास पाव.

"म्हणजे तडजोड," अप्पा म्हणाले. "तडजोडीला पूर्ण रक्कम का घेतात?"

अप्पांचा जीव रमतो तो क्रिकेटमध्ये. ते चित्रितच 16:9 मध्ये होतं, कोपरान् कोपरा भरलेला. सामना कोणाचा, हे ते विचारत नाहीत.

अखेर दिवाळीला मुलाने 65 इंची टीव्ही आणला. अप्पांनी मुद्दाम 'कागज के फूल' लावला, टेप काढली. सव्वाआठ सेंटिमीटरची पट्टी आता जवळजवळ दहाची झाली होती. त्यांनी कागदावर भागाकार मांडला, पुन्हा तपासला आणि चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर ओळखीचा माणूस भेटल्याचं समाधान होतं.

"अरे, हे तर आमच्या खात्यातलंच! कंत्राट केवढंही वाढवा, टक्केवारी तीच!"