फाट्यावरचा इस्ट्रोजेनभीरू

इस्ट्रोजेनभीरू हा शरीरसौष्ठवपटूंचा एक पोटप्रकार असून हिंगोली जिल्ह्यातल्या वारंगा फाट्यावर तो सायंकाळी सहानंतर सहज आढळतो. वय एकोणीस ते सत्तावीस. अंगातला टी-शर्ट एक माप लहान, हातात शेकर, आणि दोन्ही दंड बरगड्यांपासून वीतभर दूर. गाव त्याला ‘पैलवान’ म्हणते. ते त्याला आवडत नाही, कारण पैलवान पोट ठेवतो. आखाडा बाळापूर हे गाव इथून जवळ आहे, पण आखाड्याशी त्याचा संबंध तेवढाच. नांदेड-हिंगोली रस्त्याला नागपूरकडचा रस्ता इथे मिळतो, गाड्या थांबतात, आणि प्रवासी फाट्याच्या नावाजलेल्या खिचडीवर तुटून पडतात. हा त्याच हॉटेलाबाहेर सहा उकडलेल्या अंड्यांचा पांढरा भाग खात उभा असतो. पिवळा बलक फाट्यावरच्या कुत्र्यांना जातो. ज्या टेस्टोस्टेरॉनसाठी हा खटाटोप, ते शरीर बनवते कोलेस्टेरॉलपासून, आणि अंड्यातले कोलेस्टेरॉल असते बलकात. हे कुत्र्यांना ठाऊक नाही. पण त्यांच्या तब्येती उत्तम आहेत.

त्याच्या भीतीचे केंद्र छाती हे आहे. व्यायामाने ती पुढे यावी, पण बायकांसारखी नको. या दुसऱ्या शक्यतेला जिममध्ये ‘गायनो’ म्हणतात आणि तिचे खापर इस्ट्रोजेनवर फोडतात. वयात येताना निम्म्याच्या आसपास मुलांना स्तनाग्रामागे गाठ येते आणि बहुतेकांची ती दोनेक वर्षांत आपोआप जाते. मात्र नेमक्या त्याच वयात मुलगा जिमला लागतो. गाठ गेली की श्रेय जिमच्या दादाने सांगितलेल्या उपायाला मिळते, आणि दादाची कीर्ती डोंगरकडा गावापर्यंत पोहोचते.

इस्ट्रोजेन हे बाईचे हार्मोन आणि टेस्टोस्टेरॉन पुरुषाचे, अशी त्याने वाटणी केलेली असते. प्रत्यक्षात पुरुषाच्या अंगातले बहुतेक इस्ट्रोजेन टेस्टोस्टेरॉनपासूनच तयार होते. हे काम अरोमाटेज नावाचे एन्झाइम करते, आणि त्याचा एक मोठा मुक्काम चरबीत असतो. अरोमाटेजचे वागणे मोंढ्यातल्या अडत्यासारखे आहे: जितका माल त्याच्या दारात येईल, तितका त्याचा वाटा. पोटाची चरबी वाढली की अडत्यांची संख्या वाढते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचून घेतले की आवक वाढते. सगळे अडते हटवावेत असे त्याला वाटते, पण तेही परवडणारे नाही. १९९४ साली अमेरिकन डॉक्टरांनी एका अठ्ठावीस वर्षांच्या पुरुषाची नोंद प्रसिद्ध केली. जन्मजात दोषामुळे त्याच्या शरीरावर इस्ट्रोजेनचा परिणामच होत नव्हता. उंची २०४ सेंटिमीटर, अजून वाढतीच, आणि हाडे ठिसूळ. पुढे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी पुरुषांचे इस्ट्रोजेन औषधाने पाडले, तेव्हा त्यांची चरबी वाढली आणि कामेच्छा घटली. ज्या दोन गोष्टींसाठी इस्ट्रोजेनभीरू रात्रंदिवस झटतो, त्या दोन्ही हातच्या गेल्या.

या भीतीचा सर्वांत मोठा बळी म्हणजे सोयाबीन. सोयाबीनमध्ये आयसोफ्लेव्होन्स असतात, त्यांची ठेवण इस्ट्रोजेनशी थोडी जुळते, आणि एवढा पुरावा त्याला पुरतो. आता हिंगोली जिल्ह्यात राहून सोयाबीनशी वैर धरणे सोपे नाही. जूनमध्ये पाऊस पडला की फाट्याच्या चारी बाजूंना तेच पेरले जाते. त्याच्या घरी तेच पिकते, तेच विकते, आणि जिमची फी त्यातूनच भरली जाते. तरीही आईने सोयाबीनच्या वड्यांची भाजी केली की तो ताट सरकवतो. त्यावर वडिलांचे म्हणणे असे की, “इतकी वर्षं सोयाबीनच पेरायलो, माझ्या मिशा कुठं गळल्या?” हा पुरावा शास्त्रीय कसोटीला उतरत नाही, परंतु निष्कर्ष बरोबर आहे. पुरुषांवरच्या चाळीसहून अधिक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये निघाला. त्यानुसार सोया प्रथिनांनी किंवा आयसोफ्लेव्होन्सनी ना टेस्टोस्टेरॉन घटले, ना इस्ट्रोजेन वाढले. विरुद्ध बाजूचा नावाजलेला साक्षीदार २००८ चा: साठ वर्षांचा एक अमेरिकन, ज्याची छाती खरोखर सुजली. तो दररोज तीन लिटरच्या घरात सोया दूध पीत होता. ते थांबवल्यावर सूज उतरली. वारंगा फाट्यावर एवढे सोया दूध एका दिवसात गोळा करायचे म्हटले तरी नांदेडला माणूस पाठवावा लागेल.

शंभर ग्रॅम सुक्या वड्यांत सुमारे पन्नास ग्रॅम प्रथिने असतात आणि त्या स्वस्त मिळतात. त्या नाकारून तो व्हे प्रोटीनचा डबा आणतो. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता. नावाजलेल्या कंपनीचा दोन किलोचा डबा त्याच्याही पुढे जातो. म्हणजे क्विंटलभर सोयाबीन घालून दोन किलो भुकटी घरी येते. तिच्या घटकांच्या यादीत, बारीक अक्षरात, बहुधा सोया लेसिथिन असते. भुकटी पाण्यात नीट मिसळावी म्हणून ते घालतात. इस्ट्रोजेनभीरू डब्यावरचे फक्त मोठे अक्षर वाचतो.

पोटात काय जाऊ द्यायचे नाही हे ठरले की काय घालायचे याचा शोध सुरू होतो. पहिला मान ब्रोकोलीचा. ती आठवडी बाजारात दिसत नाही म्हणून तो नांदेडहून मागवतो, एस.टी.त ती सुकते, आणि पिवळी पडलेली ब्रोकोली तो निष्ठेने उकडून खातो. पत्ताकोबी, फुलकोबी आणि ब्रोकोली या वनस्पतिशास्त्राच्या लेखी एकाच जातीच्या भाज्या आहेत. ज्या द्रव्यासाठी ही यातायात, ते आईने चिरलेल्या कोबीतही असते. त्या द्रव्याने इस्ट्रोजेन शरीरात मोडण्याची वाट थोडी बदलते. रक्तातली पातळी पडते असे नाही. हळदीचेही तसेच. भौगोलिक मानांकन मिळालेली वसमतची हळद याच जिल्ह्यातली, पण तो कर्क्युमिनची कॅप्सूल ऑनलाइन मागवतो. कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फार कमी शिरते, तेव्हा प्रयोगशाळेतल्या काचेत त्याने काय पराक्रम केला याला फारसे महत्त्व नाही. जवसाची चटणी मात्र अडचणीत टाकते. जवसात लिग्नान्स असतात, तीही वनस्पतीजन्य इस्ट्रोजेनच्या वर्गातली. एक व्हिडिओ जवस खा म्हणतो, दुसरा फेकून द्या म्हणतो. तो एक आड एक दिवस दोघांचेही ऐकतो. झिंकची गोळी ज्याला झिंक कमी आहे त्याच्या कामाची. बाकीच्यांच्या खिशाला ती लागते.

नैसर्गिक उपायांपैकी ज्यांचा खरोखर उपयोग होतो ते तीन-चारच आहेत, आणि त्यांचे डबे मिळत नाहीत. पहिला, पोटाची चरबी उतरवणे. याला तो तत्त्वतः तयार असतो, पण सध्या त्याचे ‘बल्किंग’, म्हणजे अंग भरण्यासाठी भरपूर खाणे, चालू असते. बल्किंग कधी संपेल हे विचारू नये. दुसरा, दारू टाळणे. इस्ट्रोजेनचा निचरा यकृत करते, आणि यकृत बिघडलेल्या दारुड्यांची छाती वाढते हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत आहे. शनिवारी ढाब्यावर बसताना तो म्हणतो, “भाऊ, बिअर म्हणजे दारू नव्हं.” बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्समध्ये वनस्पतीजन्य इस्ट्रोजेनांतले एक अतिशय जोरकस द्रव्य असते. बाटलीतले त्याचे प्रमाण अत्यल्प, म्हणून घाबरायचे कारण नाही; पण भाजीतल्या वडीला भिणाऱ्याने हा हिशेब निदान ऐकायला हवा. तिसरा, झोप. २०११ च्या एका छोट्या अभ्यासात तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिले, तर त्यांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन दहा ते पंधरा टक्क्यांनी घसरले. इस्ट्रोजेनभीरू रात्री दोनपर्यंत जागा असतो, कारण टेस्टोस्टेरॉन कसे वाढवावे याचे व्हिडिओ त्याच वेळेत निवांत पाहता येतात.

चौथा उपाय म्हणजे बाहेरून टेस्टोस्टेरॉन न टोचणे. टोचून घेण्याला जिममध्ये ‘कोर्स’ म्हणतात, आणि इतका वेळ वर्णन केलेली भीती खरी ठरते ती बहुतेक याच वाटेने. मग गाठ दाबायला स्तनाच्या कर्करोगावरच्या, अरोमाटेज रोखणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता घेतल्या जातात. त्यांनी इस्ट्रोजेन खरेच पडते, आणि सोबत सांधे कुरकुरू लागतात. तरीही तो स्वतःला ‘नॅचरल’ म्हणवतो, कारण गोळ्या घेतल्यावर वर लिंबूपाणी घेतो.

शेवटी तपासणी. फाट्यावरच्या गप्पांना कंटाळून तो एकदाचा नांदेडला जातो आणि इस्ट्राडिओलची, म्हणजे इस्ट्रोजेनच्या मुख्य प्रकाराची, चाचणी करून घेतो. पुरुषात साधारण दहा ते चाळीस पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर हे ठीक मानतात. त्याचे सत्तावीस येते. डॉक्टर सांगतात, काही नाही झालेलं, झोपत जा. बाहेर येऊन तो जिमच्या दादाला अहवालाचा फोटो पाठवतो. दादाचे उत्तर पाच मिनिटांत येते: लॅब बदल.