सरकारमान्य भोक

माझ्या हातून झालेली आयुष्यातली पहिली यशस्वी दुरुस्ती एका सरकारी रायफलीवर झाली, आणि ती रायफल पुन्हा बिघडवायला आमच्या उस्तादांचा अर्धा तास गेला.

साल १९८४. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. बोईसरहून कॉलेजात जायला शटल. मध्ये एक उमरोळी, की आलं पालघर. एन.सी.सी.त नाव घातलं ते परेडनंतर मिळणाऱ्या दोन सामोशांसाठी, हे आता कबूल करायला हरकत नाही. सामोशांच्या आधी मात्र हातात पडायची ती थ्री-नॉट-थ्री ली-एन्फिल्ड रायफल. जवळजवळ चार किलोंची. बोल्ट जेम्स ली नावाच्या गृहस्थाच्या डोक्यातून निघालेला, पुढचं नाव इंग्लंडातल्या एन्फिल्डच्या कारखान्याचं, नमुना १९०७ चा आणि घडण बंगालमधल्या इशापूरची. माझ्या रायफलीवर मुकुट, त्याखाली सहाव्या जॉर्जचं 'जी. आर. आय.' आणि १९४३ कोरलेलं होतं. माझी आईही १९४३ चीच. दोघींनाही धूळ अजिबात खपत नसे.

तिकडे तारापूरला १९६९ पासून अणू फोडून वीज निघत होती आणि त्याच तालुक्यात आम्ही सहाव्या जॉर्जच्या नळीतला गंज दोरीनं ओढून काढत होतो. या दोरीला लष्करात 'फुलथ्रू' म्हणतात. रायफलीच्या बटाला मागे एक झाकण असतं. आतल्या पोकळीत तेलाची बाटली आणि ही दोरी मुक्कामाला. दोरीच्या एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाच्या फासात चिंदी. बोल्ट काढायचा, वजन मागून नळीत सोडायचं आणि पुढून एका दमात ओढायचं. पुसायची चिंदी चार बाय दोन इंचांची, तेलाची चार बाय दीड. या अर्ध्या इंचावर आमचे कवायत शिकवणारे उस्ताद पाऊण तास बोलत. तारापूर एमआयडीसीत कापडाचे कारखाने असल्यामुळे बोईसरकरांना चिंध्यांची ददात नव्हती. मी एकदा उदार मनानं चार बाय चारची घातली. ती अर्ध्या वाटेत बसली ती बसलीच. पुढून चौघे आणि मागून तिघे अशी रस्सीखेच झाली. चौघे जिंकले आणि चिंचेच्या झाडावर आदळले.

उस्ताद मूळचे साताऱ्याचे. नावं लक्षात ठेवायची नाहीत हा त्यांचा नियम. कॅडेटला गावावरून हाक. "ए बोईसर! बोल्टचा नंबर बघ, रायफलीचा नंबर बघ." प्रत्येक बोल्ट आपापल्या रायफलीला बसवलेला, दोन्हींवर नंबर एकच. पण देवळाबाहेर जशा चपला बदलतात तसे कोतात, म्हणजे शस्त्रं ठेवायच्या खोलीत, बोल्ट बदलायचे. खऱ्या गोळ्या झाडणाऱ्या रायफलींची कथा याहून कष्टाची. जुन्या काडतुसाच्या टोपीतल्या दारूचं नळीत मीठ उरतं, मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि नळी आतून सडते. म्हणून फायरिंगनंतर उकळतं पाणी ओतायचं. समुद्रकाठच्या सातपाटीच्या कॅडेटला यातलं काही समजावून सांगावं लागलं नाही.

घरी आई म्हणायची, "सरकारची बंदूक रोज पुसतोस, आपलं शिवणाचं मशीन दिवाळीपासून तेल मागतंय!"

मग इन्स्पेक्शन आलं. नळी तपासताना कॅडेटनं मागे अंगठ्याचं नख धरायचं. नखावरचा उजेड नळीतून पुढे येतो आणि साहेब समोरून डोळा लावतात. साहेबांनी डोळा लावला. शेरे तीन मिळाले : नळी उत्तम, नख काळं, पँट तेलकट. पँटीचं खरंच होतं. उजव्या गुडघ्यावर रुपयाएवढा डाग कायम. सावधानमध्ये रायफल पायाशी उभी धरली की नळीच्या बुडाशी असलेल्या एका भोकातून तेल ठिबकायचं. एवढ्या जुन्या वस्तूला भोक पडणारच, आमच्या बादलीलाही होतं. मी मेणबत्ती वितळवून ते बुजवलं, वरून चेरी ब्लॉसमचा हात फिरवला. बुजवलेली जागा मलाच सापडेना.

उस्तादांना सापडली.

"ए बोईसर, हितलं भोक कुठं गेलं?"

"बुजवलं उस्ताद. गळत होतं."

"अरं, ते भोक सरकारनं पाडलंय! सरकारनं पाडल्यालं भोक बुजवनारा तू कोन?"

मग त्यांनी बटाजवळची 'डी. पी.' ही अक्षरं दाखवली. ती मी रोज पुसत होतो. बोईसरला डीपी म्हणजे विजेचा, रस्त्याकडेचा, पहिल्या पावसात उडणारा. त्यामुळे विजेच्या खात्याचा आणि रायफलीचा काहीतरी जुना व्यवहार असावा, असं समजून मी गप्प होतो. डी. पी. म्हणजे ड्रिल पर्पज. नळीला मुद्दाम भोक, पिनचं टोक कापलेलं; गोळी सुटायची सोयच ठेवलेली नाही. म्हणजे वर्षभर मी ज्या नळीतला कण न् कण ओढून काढला, तिच्यातून माझ्या चिंदीखेरीज काही जाणारच नव्हतं.

"मग पुसायची कशाला, उस्ताद?"

"घरात शंख हाय न्हवं? वाजवतोस रोज? मग धुतोस कशाला?"

आणि ते तापवलेल्या दाभणानं मेण उकरायला बसले. मी रॉकेलची वाटी धरून उभा होतो. सामोसे त्या दिवशी शिपायानं खाल्ले.

२६ जानेवारी २०२० ला उत्तर प्रदेश पोलिसांनी संचलनात थ्री-नॉट-थ्रीला निरोप दिला. बातमी लागली तेव्हा मी चष्मा पुसून टीव्हीजवळ सरकलो. बायकोला वाटलं, मला गहिवरून आलंय. मी त्यांचे उजवे गुडघे बघत होतो. एकाच्याही पँटीवर डाग नव्हता.