खाऱ्या वाऱ्यातला लॅपटॉप

घरासाठी लॅपटॉप घेताना रॅम किती ते विचारतात. होडीसाठी घेताना आधी विचारायचं ते हा किती अँपिअर खातो. शिडाच्या होडीत वीज म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीत असेल तेवढीच. दिवे, व्हीएचएफ, बिल्ज पंप आणि पाहुण्यांचे मोबाइल, सगळे तिच्यावरच पोसायचे. त्यात ३० वॉटचा लॅपटॉप आला की अडीच अँपिअर त्याचेच. १०० अँपिअर-अवरची साधी शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये म्हणतात. म्हणजे वीसेक तास, तेही बाकी सगळं अंधारात ठेवून. त्यातून हौशी मंडळी इन्व्हर्टर लावून १२ चे २३० व्होल्ट करतात आणि चार्जर त्यांना पुन्हा १९ वर आणतो. या द्राविडी प्राणायामात केबिन तेवढी तापते. थेट बॅटरीवर चालणारा डीसी चार्जर घ्यावा, वाद मिटला.

आमच्या होडीत चौघांची भागी, त्यामुळे लॅपटॉपची निवड हाउसिंग सोसायटीच्या सभेच्या थाटात पार पडली. एकाला लष्करी तोंडवळ्याचं टफबुक हवं होतं. तेवढ्या पैशांत नवं शीड शिवून झालं असतं. दुसऱ्याचा जीव टॅबलेटवर. शेवटी खजिनदाराच्या मुलीने टाकून दिलेला लॅपटॉप बिनविरोध निवडून आला. खर्च एकच केला: आतली फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली. समोरच्या लाटांवर होडी आपटत चालली की गरगर फिरणाऱ्या तबकडीचं काही खरं नसतं.

मग जागेचा प्रश्न. साध्या लॅपटॉपचा पडदा २५०-३०० निट्सचा. मांडव्यासमोर भर दुपारी त्यात फक्त आपली टोपी दिसते. खाली केबिनमध्ये चित्र सुरेख दिसतं, पण पाच मिनिटं टक लावून बघितलं की सकाळचे पोहे आठवू लागतात. शिवाय होकायंत्राजवळ ठेवायची सोय नाही. लॅपटॉपच्या स्पीकरमध्ये चुंबक असतं आणि होकायंत्राची निष्ठा लगेच डळमळते.

सॉफ्टवेअरवर मात्र मतभेद झाले नाहीत, कारण ओपनसीपीएन फुकट आहे. विंडोज, मॅक, लिनक्स कशावरही चालतं आणि रात्री डोळे दिपू नयेत म्हणून पडदा काळवंडूनही देतं. फुकट नसतात ते चार्ट. अमेरिकेची नोआ ही संस्था स्वतःच्या किनाऱ्याचे इलेक्ट्रॉनिक चार्ट जगाला मोफत देते. आपले चार्ट करणारं नौदलाचं जलसर्वेक्षण कार्यालय देहरादूनला, म्हणजे समुद्रापासून जेवढं लांब जाता येईल तेवढं, आणि ते विकत घ्यावे लागतात. एक जुनी गंमतही ठाऊक असलेली बरी: जीपीएस जोडलेला ठेवून विंडोज सुरू केलं, तर कधी कधी ते त्यालाच माउस समजतं. मग पडद्यावरचा बाण सैरावैरा धावतो, आपोआप मेनू उघडतात, खिडक्या मिटतात. भुताटकी नव्हे, डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन तो उपटसुंभ माउस बंद केला की थांबते.

एआयएस जोडलं की मुंबई बंदराच्या तोंडाशी टँकर नावागावासकट त्रिकोण होऊन येतात. डोलीची जाळी येत नाहीत, त्यांचे खुंट आणि बोये येत नाहीत. आमच्या ओळखीचे ससून डॉकचे नाखवा पडद्याकडे कौतुकाने बघतात, ‘ब्येस हाय’ म्हणतात आणि मान वर करून समोर बघत राहतात. त्यांचं बरोबर आहे, याचा पुरावा फार मोठा आहे. २९ नोव्हेंबर २०१४ ला व्होल्वो ओशन रेसमधली ‘वेस्टास विंड’ ही अद्ययावत नौका मॉरिशसच्या ईशान्येला कार्गादोस काराजोसच्या प्रवाळखडकावर रात्री आदळली. खडक चार्टमध्ये होता. झूम कमी ठेवल्यामुळे पडद्यावर त्याचा धोका दिसत नव्हता. माणसं सगळी वाचली, हे नशीब. उलट गोल्डन ग्लोब शर्यतीत जीपीएसला मनाईच. तिथे भारताचे अभिलाष टॉमी २०२३ मध्ये सेक्स्टंट आणि कागदी नकाशांवर जग फिरून दुसरे आले.

म्हणून मत विचाराल तर पैसे चार्टवर घाला, त्यांची कागदी प्रतही जवळ ठेवा, आणि जायचा मार्ग आखला की तो एकदा पूर्ण झूम करून या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासा. लॅपटॉप कुणाच्या मुलीने टाकून दिलेला असला तरी चालेल.