डिकीला चाळीस टक्के

चाकणला तयार झालेली सेडान बोटीत बसून मेक्सिकोला जाते. २०२२ मध्ये फोक्सवॅगनने ‘व्हर्टस’ची पहिली खेप मुंबई बंदरातून तिकडे धाडली, त्याआधी ‘व्हेंटो’ जात होतीच. त्याच चाकणहून आमच्या तळेघरला यायचं तर राजगुरुनगर, मंचर, घोडेगाव, डिंभे आणि मग पोखरीचा घाट. एवढं अंतर मात्र सेडानला झेपत नाही. येते ती श्रावणात, पाहुणी म्हणून. भीमाशंकरचं दर्शन, वाटेत गरम भजी, आणि काचा वर करून पुण्याला परत. गावात मुक्कामाला असतात त्या पिकअप, बोलेरो, वडापच्या जीपा आणि मोटारसायकली. चाकणच्या लाइनवर उभं राहून सेडानचे नट आवळणारी आंबेगावच्या पश्चिम भागातली पोरं सुट्टीला घरी येतात ती दुचाकीवर, पावसात, अंगावर मेणकापड घेऊन.

अशा मुलखात आमच्या ओळखीच्या एका गुरुजींनी सेडान घ्यायचं मनात आणलं. नाव सांगत नाही, कारण सासुरवाडीला अजून कळलेलं नाही.

पहिला सल्ला अर्थातच ‘उंच गाडी घ्या’. हा सल्ला देणाऱ्याला विचारावं, उंच म्हणजे किती? स्लाव्हिया आणि व्हर्टस या दोन्ही सेडानचं पोट जमिनीपासून १७९ मिलिमीटर वर आहे, असं कंपनी सांगते. एसयूव्हीचा मुखवटा चढवलेल्या पुष्कळ छोट्या गाड्या याच्या फार वर नाहीत. फरक बॉनेटच्या उंचीत आणि जाहिरातीतल्या डोंगरात असतो. आता १७९ हा आकडा रिकाम्या गाडीचा, हे कंपनी जरा हळू आवाजात सांगते. मागे आई, बायको आणि मेहुणा बसले, डिकीत इंद्रायणी तांदळाची दोन पोती पडली, की त्यातले किती मिलिमीटर उरतात ते गतिरोधकच सांगतो.

आणि गतिरोधक कोणता? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, म्हणजे गाडी त्यावर चढते आणि सावकाश उतरते. आपल्याकडे उंची मानकातली घेतात, किंबहुना थोडी वाढवूनच, आणि रुंदी मात्र डांबर उरलं असेल तेवढी. या उंचवट्यावर सेडान तिरकी घालावी लागते: आधी डावं पुढचं चाक, मग उजवं, मग मागच्या सीटवरून ‘आम्ही उतरू का?’ असा प्रश्न, मग खालून खर्रर्र. तो आवाज सायलेन्सरचा की इंजिनखालच्या पत्र्याचा, हे चालकाला कळतं आणि त्याच्या चेहऱ्यावरून बाकीच्यांना.

दुसरा आक्षेप गुरुजींच्या घरातूनच आला. आबांना परदेशी कंपनी नको. बाबू गेनू आपल्याच तालुक्यातले, महाळुंगे पडवळचे. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवे झाले आणि तिथेच गेले. डिंभ्याच्या जलाशयाला त्यांचंच नाव आहे. त्याच्या काठाकाठाने तुम्ही जर्मन नावाची गाडी नेणार? पुतण्या चाकणला कामाला आहे. तो म्हणाला, “आबा, ही इथलीच. माझ्याच हाताखालून जाते.” आबा म्हणाले, “मग तुला फुकट का देत नाहीत?”

औद्योगिक धोरणावर याहून नेमका प्रश्न अजून कोणी विचारलेला माझ्या ऐकण्यात नाही.

आता मुद्द्याचं: नवी की जुनी? सरकारचा विचार केला तर नवी. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी १८ टक्के जीएसटीत बसते. त्याहून मोठी असेल तर सरळ ४० टक्के. आधी मधल्या आकाराच्या सेडानला सेस धरून ४५ टक्के होते, तेव्हा पाच टक्के सुटले म्हणून पेढे वाटायला हरकत नाही. पण गंमत पाहा. स्लाव्हियाचं लहान इंजिन ९९९ सीसीचं. इंजिन पाहिलं तर ती लहान गाडीच. पण लांबी साडेचार मीटर. म्हणजे इंजिनाने १८ टक्के कमावले आणि डिकीने ४० टक्के घालवले.

चार मीटरची ही लक्ष्मणरेषा २००६ च्या अर्थसंकल्पात आखली गेली. त्यापायी आपल्या देशात गाड्यांची शेपटं छाटायचा उद्योगच सुरू झाला. २००८ मध्ये टाटांनी इंडिगो कापून ‘सीएस’ केली. २००८ ची डिझायर चार मीटरच्या वर होती आणि तिची डिकी ४४० लिटरची. २०१२ ची ३९९५ मिलिमीटरमध्ये बसवली आणि डिकी ३१६ लिटरवर आली. लग्नाचं सामान तेवढंच राहिलं, बॅगा मांडीवर आल्या. (डिकी लिटरमध्ये का मोजतात, हेही आबांनी विचारून घेतलं. त्यांना पोत्यांत उत्तर हवं होतं. शोरूमच्या मुलाने टॅबवर बरंच शोधलं.)

मधल्या सेडानची शोरूम किंमत १२ लाख धरा. त्यात ४० टक्क्यांच्या हिशेबाने ३ लाख ४३ हजार जीएसटी आधीच मुरलेला असतो. वर महाराष्ट्राचा एकरकमी वाहन कर: दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के, म्हणजे १ लाख ४४ हजार. करावर कर लागतो का, असा बाळबोध प्रश्न विचारू नये, लागतो. गाडी बनवणाऱ्यापासून विकणाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या वाट्याला मिळून साडेआठ लाख आणि सरकारच्या वाट्याला जवळजवळ पाच. त्या पाच लाखांत पोखरी घाटातले खड्डे येत असावेत. ते नियमितपणे मिळतात.

म्हणून माझं मत सरळ आहे. सेडान घ्यायचीच असेल तर चार-पाच वर्षं वापरलेली घ्यावी, आणि महाराष्ट्रातलीच घ्यावी. तिचा जीएसटी आणि एकरकमी कर कोण्या सद्गृहस्थाने भरलेला असतो, त्याबद्दल त्याचे मनातल्या मनात आभार मानावेत. विम्याच्या तक्त्यात चार ते पाच वर्षांच्या गाडीची किंमत निम्मी धरतात. बाजारात भाव मॉडेलप्रमाणे हलतो, पण सेडानच्या बाबतीत तो घेणाऱ्याच्याच बाजूने हलतो. सगळा देश उंच गाड्यांच्या मागे लागल्यामुळे डिकीवाल्या गाडीला गिऱ्हाईक कमी. मारुतीने तर २०१४ मध्ये आणलेली सियाझ २०२५ मध्ये बंदच केली. सियाझचा मालक त्यामुळे आज हळवा झालेला असतो, आणि हळव्या माणसाशी भाव करणं सोपं जातं.

शिवाय घाटाचा एक मुद्दा कोणी बोलत नाही. सेडान बुटकी म्हणून वळणावर कमी झुलते. पोखरीच्या वळणांत उंच गाडीतली आजी डिंभ्याच्या पुढे लिंबू हुंगायला लागते. सेडानमधली वरपर्यंत गप्पा मारते. उतरताना मात्र तिला दोघांनी हात देऊन ओढून काढावं लागतं, कारण सीट खाली आणि गुडघे ऐंशीचे. एका टोकाला पोट, दुसऱ्या टोकाला गुडघे. आजीला विचारून ठरवा.

जुनी गाडी घ्यायला गुरुजी पुण्याच्या बाजूला गेले. तिथे एक शोध लागला: बाजारातली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरांची असते. डॉक्टर ती फक्त रविवारी काढतात. उरलेल्या डॉक्टरांच्या मिसेस वापरतात, त्याही भाजी आणण्यापुरत्या. महाराष्ट्रात इतके डॉक्टर असून आपल्या भागात दवाखान्यात जागा रिकाम्या का राहतात, याचा उलगडा तिथे झाला. सगळे गाड्या विकताहेत.

“सर, सिंगल हँड, रनिंग फक्त पस्तीस हजार,” एजंट म्हणाला. गुरुजींनी वाकून ब्रेकचा पेडल पाहिला. रबराच्या रेघा पुसून गुळगुळीत झालेल्या. स्टिअरिंगचं कातडं चकाकतंय. डॉक्टर पस्तीस हजार किलोमीटर सतत ब्रेक दाबूनच गेले असतील तर गोष्ट वेगळी. नाहीतर मीटर मागे फिरलेलं आहे. पुढची पायरी सोपी: गाडीचा नंबर घेऊन मालकाकडून कंपनीच्या वर्कशॉपमधला सर्व्हिसचा इतिहास मागवायचा. मालक ‘बाहेर करत होतो’ म्हणाला तर आपणही बाहेर पडायचं. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २०२१ च्या गाडीला २०१८ चे टायर असतील तर ते कोणाचे, हे प्रेमाने विचारावं.

पण तळेघरच्या माणसाने सगळ्यात आधी पाणी शोधावं. आपल्याकडे पाऊस वरून पडतो; जुन्या गाडीत तो खालून वर आलेला असतो. सांगली-कोल्हापूरचा २०१९ चा पूर, चिपळूणचा २०२१ चा, पुण्यात सिंहगड रस्त्यावरचा २०२४ चा. या पाण्यात बुडालेल्या सगळ्या गाड्या भंगारात गेल्या असं समजायचा भाबडेपणा परवडणार नाही. आतून धुतात, वास मारायला अत्तराची बाटली टांगतात आणि पुढे सरकवतात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटापर्यंत. जो भाग कधीच बाहेर येत नाही तिथे गाळाची पिवळट रेघ सापडते. सीटखालच्या रुळांचे स्क्रू पाहा, डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीची खोबण पाहा. नवा कोरा गालिचा आणि खाली गंज असेल तर अत्तराचा वास कशाला ते कळेल.

मग ‘दिल्ली पासिंग’चा मोह. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बरीच वर्षं न्यायालयीन आदेशांची टांगती तलवार आहे, म्हणून त्या आधीच स्वस्तात निघतात. इथे आल्यावर मूळ आरटीओची एनओसी, नवा नंबर आणि महाराष्ट्राचा कर वेगळा. स्वस्ताईतला निम्मा भाग रांगेत संपतो. एमएच १४ वाली थोडी महाग असेल, पण ती निदान आपली भाषा बोलते.

कागदांचं एजंटवर सोडू नये. फॉर्म २९ आणि ३० वर सही झाली म्हणजे गाडी आपल्या नावावर झाली असं नाही, ते फॉर्म आरटीओत पोचावे लागतात. कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन बोजा उतरवून घ्या. ‘५० टक्के नो-क्लेम बोनस आहे सर’ हे आमिष तर निव्वळ हवेतलं: तो बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, गाडी विकली तरी त्याच्याबरोबर जातो. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यायचा. आणि विकणाऱ्याने व्यवहाराच्या दिवसापर्यंतची ई-चलनं भरलीत का, तेही मोबाइलवर दिसतं. एका सद्गृहस्थाची अठरा निघाली होती. तेही डॉक्टरच.

सुरक्षेबद्दल तीनच वाक्यं. स्लाव्हिया, व्हर्टस आणि नवी व्हर्ना यांना २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले. जुनं मॉडेल घेताना तेच नाव असलं तरी तेच तारे असतील असं धरू नका. आणि मागच्या सीटवरच्या माणसानेही बेल्ट लावायचा असतो, ही बातमी मंचरच्या वर अजून पोचायची आहे.

शेवटी गुरुजींना एक पांढरी सेडान पसंत पडली. पेडल शहाण्यासारखा झिजलेला, बेल्ट कोरडा, सर्व्हिस वर्कशॉपमधली. एजंटने ट्रायलला चावी दिली. सपाट रस्ता, दोन चौक, एक यू-टर्न, झालं. गुरुजी म्हणाले, “अशी नाही. तळेघरला नेऊ. पाच माणसं, दोन पोती, एसी चालू, पोखरीच्या घाटात मध्येच थांबवून चढावर परत उठवायची. क्लच तिथे बोलतो.”

एजंटने चावी परत मागून घेतली. “सर, एवढं सगळं करायचं असेल तर बोलेरोच घ्या ना! आहे एक. डॉक्टरांची.”