अठरा अंशांचे कारभारी

इंग्लंडातल्या मराठी मंडळींत एक वाण असा आहे, की त्यांच्याकडून जेवायचं आमंत्रण आलं की लोक आधी कपाटातून थर्मल काढतात आणि मग मिठाई कुठली न्यायची याचा विचार करतात. हे गृहस्थ हॅरोत आढळतात, स्लाउत आढळतात, रेडिंग आणि मिल्टन कीन्सला तर दर दोन रस्त्यांमागे एक आढळतात. पन्नाशीच्या आसपासचे, बँकेत किंवा आयटीत बऱ्या हुद्द्यावर, 1930 च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड घर हप्त्यांवर घेतलेले. नाव काही असो, आम्ही त्यांना कारभारी म्हणतो. घरात पैशांचे निर्णय बायको घेते, टीव्हीचे आणि वायफायचे मुलं घेतात. कारभाऱ्यांकडे एकच खातं शिल्लक आहे : हीटिंग.

संध्याकाळी घरात शिरल्यावर माणूस कोट काढतो, बूट काढतो. कारभारी आधी हॉलमधल्या थर्मोस्टॅटपाशी जातात. काटा 18 वर असला तर घरात सगळं कुशल. 20 वर असला तर तिथूनच आवाज येतो, "कोणी हात लावला?" कोणीही लावलेला नसतो. त्या घरातला थर्मोस्टॅट आपोआपच वर सरकतो, असं बायको आणि दोन्ही मुलं शपथेवर सांगतील. हिवाळ्यात घर किमान 18 अंश ठेवा, असा इथल्या आरोग्य खात्याचा सल्ला आहे. कारभारी तो येताजाता ऐकवतात, फक्त त्यातला 'किमान' त्यांच्या घशात अडकतो. ओट्यावर स्मार्ट मीटरचा छोटा पडदा आहे. आज किती पौंड जळले ते त्यावर दिसतं, आणि खर्च वाढला की हिरव्याचा पिवळा आणि पिवळ्याचा लाल होतो. बायको कुकरच्या शिट्ट्या मोजत असते तेव्हा हे त्या पडद्यासमोर उभे असतात.

त्यांचं एक ठेवणीतलं व्याख्यान आहे. पाहुण्यांपैकी कोणी कुडकुडत "जरा पंचवीस करू या का, म्हणजे पटकन गरम होईल" असं म्हणालं, की ते सुरू होतं. थर्मोस्टॅट म्हणजे निव्वळ बटण. ते बॉयलरला 'पेट' म्हणतं नाहीतर 'विझ' म्हणतं, याहून जास्त त्याला बोलता येत नाही. पंचवीस केल्यानं खोली लवकर तापत नाही, फक्त वेळेवर थांबत नाही. पाहुणे मान डोलावतात, कारण मान हलवल्यानंही थोडी ऊब येते. व्याख्यान शास्त्रशुद्ध होतं, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो. पुढे त्याचं काय झालं ते येईलच.

2018 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेकडून थंडीची लाट आली. इंग्रजांनी तिला 'बीस्ट फ्रॉम द ईस्ट' म्हटलं. त्या थंडीत घरोघरचे कंडेन्सिंग बॉयलर अडून बसले. या बॉयलरमध्ये धुरातली वाफ थंड होऊन तिचं पाणी होतं आणि ते एका बारीक नळीनं बाहेर जातं. ती नळी गोठली की बॉयलर संप पुकारतो. कारभारी रोज पहाटे रोब घालून, किटली हातात धरून अंगणात उभे असायचे. नळी वितळायची, पण हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही एकट्यानं सांभाळणाऱ्या त्यांच्या जुन्या कॉम्बी बॉयलरनं तेवढ्यात मान टाकली.

आलेला इंजिनिअर भला माणूस होता. चहात दोन चमचे साखर घेऊन तो म्हणाला, 6 एप्रिलपासून इंग्लंडात नवा नियम येतोय, त्याला 'बॉयलर प्लस' म्हणतात. गॅसचा बॉयलर निदान 92 टक्के कार्यक्षम हवा, वेळ आणि तापमान यांचं नियंत्रण हवं आणि कॉम्बी असेल तर वर आणखी चारांपैकी एक गोष्ट हवी. त्याआधी उरकून घेतलंत तर ही चौथाईची भानगड नाही. दुसरा कोणी असता तर त्याच आठवड्यात बॉयलर लावून मोकळा झाला असता. कारभाऱ्यांनी तीन कोटेशनं मागवली. मग त्या तिघांची तुलना करणारा तक्ता केला. मग कार्डिफच्या मेहुण्यांना फोन करून त्यांचा अनुभव विचारला. मेहुणे म्हणाले, "अहो, तो नियम इंग्लंडापुरता आहे, आम्हाला वेल्समध्ये लागूच नाही." फोन ठेवताना कारभाऱ्यांच्या चेहऱ्यावर मेहुण्यांबद्दल कीव होती. तक्ता पूर्ण होईपर्यंत घर तेलाच्या हीटरवर आणि आंघोळी किटलीवर चालल्या. 6 एप्रिल आला आणि गेला. बायकोचं म्हणणं, हा उशीर चुकून झालेला नाही. चार पर्यायांतून निवड करायची संधी कारभारी सोडणं शक्यच नव्हतं.

पहिला पर्याय धुरातली उष्णता पकडून ती नळाच्या थंड पाण्याला देणाऱ्या उपकरणाचा. हा कारभाऱ्यांना मनापासून आवडला. धुराड्यातून बाहेर जाणारे पैसे परत घरात आणायचे, याहून मोठं पुण्य कोणतं? पण ते खोकं बॉयलरच्या डोक्यावर बसणार होतं, म्हणजे स्वयंपाकघरातल्या नेमक्या त्या कपाटात, जिथे भाजणीचे आणि गोडा मसाल्याचे डबे होते. प्रस्ताव फेटाळण्यात आला. चर्चा झाली नाही.

दुसरा हवामानाचा. घराबाहेर एक सेन्सर लावायचा. बाहेर गारठा वाढला की बॉयलर रेडिएटरचं पाणी जास्त तापवतो, हवा निवळली की कमी. यात आलेख असतो, त्याची वक्ररेषा आपल्याला हवी तशी चढी-उतरती करता येते. आलेख म्हटल्यावर कारभारी दोन रात्री झोपले नाहीत. सेन्सर मात्र उन्हापासून लांब, उत्तरेच्या भिंतीवर लावावा लागतो. आणि यांची उत्तरेची भिंत म्हणजे शेजारणीचा दिवाणखाना.

चौथा पर्याय आधी सांगतो, कारण तो त्यांनी सर्वांत आधी उडवला. स्मार्ट थर्मोस्टॅट. नियमाप्रमाणे तो घरात कोणी आहे की नाही याचा माग ठेवून आपणहून जुळवून घेतो आणि घर तापायला किती वेळ लागतो हे शिकून बरोबर वेळेवर बॉयलर सुरू करतो. मुलगी म्हणाली, "बाबा, हाच घेऊ या, मग तुम्हाला काहीच करावं लागणार नाही." तिथेच तो बाद झाला. वरकरणी त्यांनी दिलेलं कारण मात्र चोख होतं, आणि ते मला पटतं. असा महागडा थर्मोस्टॅट पुष्कळदा बॉयलरला दोन तारांनी नुसता चालू-बंदला जोडून दिला जातो. फोनवर रंगीत वर्तुळ फिरतं, नियमाच्या रकान्यात बरोबरची खूण होते आणि बॉयलर पूर्वीसारखाच भडकतो आणि विझतो.

राहिला तिसरा, लोड कॉम्पेन्सेशन. खोली हव्या त्या तापमानापासून किती लांब आहे ते बघून हा बॉयलरला सांगतो, पाणी किती गरम कर. खोली जवळ आली की पाणी निवत जातं. कॉम्बीला नळाचं पाणी क्षणात तापवायला 24 ते 30 किलोवॉट लागतात, पण घर ऊबदार राखायला त्याच्या चौथाई-तिहाईतही भागतं. रेडिएटरमधून परत येणारं पाणी साधारण 55 अंशांच्या खाली असेल तरच धुरातल्या वाफेचं पाणी होतं आणि ते 92 टक्के खरे ठरतात. बॉयलर 75 अंशांवर ठेवून दिला तर कंडेन्सिंग हे नुसतं नावाला. बॉयलर बनवणाऱ्या कंपनीचाच कंट्रोलर होता, किंमत बेताची होती आणि त्यात मेनूच्या आत मेनू होते. इंजिनिअर गेल्यावर कारभाऱ्यांनी पाण्याची कमाल मर्यादा 55 केली. पुढे टपालानं नियमपालनाचं प्रमाणपत्र आलं. घर विकताना ते लागतं म्हणून लोक फाइलला लावतात, यांनी लॅमिनेट केलं.

ऑक्टोबरात साताऱ्याहून आई आल्या. रेडिएटरवर तळवा ठेवून म्हणाल्या, "अरे, हे कोमटच आहे की. बिघडलंय का?" कारभाऱ्यांनी खुर्ची ओढली आणि मंद, अखंड उष्णतेचं तत्त्वज्ञान सुरू केलं. पंधरा मिनिटं ऐकून आई म्हणाल्या, "म्हणजे दूध मंद आचेवर ठेवायचं. हे सांगायला इथे सरकार लागतं होय?" आणि शाल घेऊन नातीच्या खोलीत गेल्या. घरात सर्वांत गरम खोली तीच, हे त्यांनी पहिल्याच दिवशी हेरलं होतं.

ती कशी, याचा उलगडा नोव्हेंबरात झाला. मुलीचं शाळेत भौतिकशास्त्र चालू होतं. तिनं मॅन्युअल वाचलं. त्या घरात वडिलांखेरीज दुसऱ्या कोणी ते वाचण्याची ही पहिलीच वेळ. जेवताना ती म्हणाली, "बाबा, हा कंट्रोलर फरक बघतो ना? मग मी पंचवीस केलं तर फरक वाढेल, पाणी जास्त तापेल आणि खोली खरंच लवकर गरम होईल." टेबलावर शांतता पसरली. कारभाऱ्यांनी घास खाली ठेवला. वीस वर्षांचं व्याख्यान, आणि ते त्यांनी स्वतः निवडलेल्या यंत्रानं खोटं पाडलं होतं. 55 ची मर्यादा आहे, असं काहीतरी ते पुटपुटले, पण सूर लागला नाही.

त्यांनी कंट्रोलरला पिन घातला. कंट्रोलर वायरलेस होता, हे लक्षात न घेता. दुसऱ्या दिवसापासून तो हॉलमधून उचलून अर्धवट उघड्या खिडकीच्या कठड्यावर ठेवला जाऊ लागला. तिथे बसून तो इमानेइतबारे कळवायचा की घर नऊ अंशांवर आहे. पिनला कोणी हातसुद्धा लावला नाही. मुलीला खोलीत थंडी वाजली नाही, आजींना वाजली नाही. लाल झाला तो ओट्यावरचा पडदा.

कारभाऱ्यांचे खरे दिवस आले 2022 मध्ये. गॅस भडकला, सरकारला ऑक्टोबरपासून सर्वसाधारण घराचं वर्षाचं बिल अडीच हजार पौंडांच्या आसपास रोखून धरावं लागलं आणि डिसेंबरात सरकारनंच लोकांना सांगितलं, कॉम्बीतलं हीटिंगचं पाणी 60 अंशांवर आणा. ज्यांनी थर्मल घालून त्यांच्याकडची पुरणपोळी खाल्ली होती त्या सगळ्यांचे फोन आले. "कुठलं बटण हो? नळाच्या चित्राचं की रेडिएटरच्या?" कारभारी शांतपणे सांगत, "रेडिएटरच्या. आमचं 2018 पासून पंचावन्न आहे." हे दुसरं वाक्य कोणी विचारलेलं नसे. व्हिडिओ कॉलवर ते एकेकाच्या बॉयलरचं निदान करत. हॉलमध्ये थर्मोस्टॅट असेल तर तिथल्या रेडिएटरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवा, नाहीतर दोघं एकमेकांशी भांडत बसतील, हा सल्ला त्यांनी इतक्यांदा दिला की त्यांच्या बायकोनं एकदा फोन घेऊन तो स्वतःच दिला आणि वर म्हणाली, "अनुभवाचा आहे."

सध्या त्यांचं लक्ष हीट पंपावर आहे. 2023 च्या ऑक्टोबरपासून त्याला साडेसात हजार पौंडांचं अनुदान मिळतं. पाणी जेमतेम 45-50 अंशांवर फिरतं, त्यामुळे रेडिएटर मोठे लागतात. कोणाकडे किती मोठे आहेत याची वही तयार होते आहे. गेल्या श्रावणात एका मित्राकडे सत्यनारायण होता. आरती झाली, मंडळी रांगेनं पाया पडायला वाकली, आणि कारभारी पलीकडच्या भिंतीशी गुडघे टेकून, मेजरिंग टेप लावून बसलेले. यजमानांच्या आईंना वाटलं, त्यांचं काही पडलंय.

"शोधताय का काही?"

"नाही हो," त्यांच्या बायकोनं परस्पर सांगितलं, "पडू दे पाया. त्यांचा देव तिथेच आहे."

तेवढ्यात भिंतीकडून हाक आली, "यजमान, हा टाइप 22 आहे की 11?"