आईला सोडवलं शेतकऱ्यानं

‘स्टार वॉर्स’मधल्या जेडाय योद्ध्यांची आचारसंहिता तोंडपाठ असलेली माणसं जगभर आहेत. पाठ व्हायला वेळ लागत नाही, जेमतेम चार-पाच ओळी. मन थाऱ्यावर ठेवा, ज्ञान मिळवा, विकार आवरा, मरणाचं भय टाका, एवढाच तिचा मथितार्थ. 1977 साली पहिला सिनेमा आला तेव्हा या ओळी नव्हत्याच. त्या 1987 मध्ये, सिनेमावर बेतलेल्या एका खेळाच्या नियमपुस्तकात आल्या. वाईट काहीच नाही त्यांत. फक्त त्यांत दुसरा माणूस शोधून दाखवा. सगळा कारभार आपल्याच मनाचा. शेजारी कोण उपाशी आहे, कोण बेडीत आहे, त्याचं आपण काय देणं लागतो, यावर चकार शब्द नाही.

अशी संहिता माणसाला कुठे नेते, हे मालिकेचा कर्ता जॉर्ज लुकासनं 1999 च्या सिनेमात दाखवून ठेवलंय. टॅटुइन नावाच्या वाळवंटी ग्रहावर नऊ वर्षांचा एक गुलाम पोरगा आणि त्याची गुलाम आई. पोराच्या अंगी अचाट शक्ती आहे हे क्वाय-गॉन जिन या जेडायच्या ध्यानात येतं. तो मालकाशी पैज लावतो. मालक दोघांना पणाला लावायला तयार नाही; फासा पडतो, पोरगा सुटतो, आई शमी मागे राहते. इथवर मी क्वाय-गॉनला दोष देत नाही. त्याच्याकडचं चलन तिथे चालत नव्हतं.

पण पुढे? पोराला राजधानीत जेडाय पंथाच्या बारा ज्येष्ठांच्या मंडळापुढे उभं करतात. पोराचा जीव आईत अडकलाय, हे ते बरोबर ओळखतात. मग त्यांच्यातला योडा त्याला समजावतो, की भीतीतून राग येतो, रागातून द्वेष आणि त्यातून दुःख. आईला सोडवून आणू या, असं बारांपैकी एकही जण म्हणत नाही. एवढं मोठं मंदिर, पाठीशी अख्खं प्रजासत्ताक, आणि एका बाईची किंमत मोजायला कोणी पुढे येत नाही. का? कारण माया लावणं हा त्यांच्या लेखी दोष. पोराची काळजी हा त्याच्या मनाचा आजार ठरला. ती ज्या कारणानं वाटत होती, ते तसंच राहिलं.

शमीला पुढे विकत घेऊन मोकळं केलं ते क्लिग लार्स नावाच्या शेतकऱ्यानं. वाळवंटात हवेतली ओल गोळा करून पोट भरणारा माणूस. ना पंथ, ना संहिता. त्यानं तिची सुटका केली आणि तिच्याशी लग्न करून घर मांडलं. अख्ख्या मालिकेतलं हे मला सगळ्यात मोठं नैतिक कृत्य वाटतं, आणि सिनेमा ते एका वाक्यात उरकतो. पंथानं काय केलं? प्रयोगशाळेत जन्माला घातलेल्या, दुप्पट वेगानं वाढवलेल्या, नाही म्हणायची सोय न ठेवलेल्या सैनिकांची आयती फौज घेतली. योडा स्वतः तिला घेऊन लढाईत उतरला. गुलामीचा प्रश्न तिथेही कोणी काढला नाही.

आता खऱ्या अनुयायांकडे वळू. 2001 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये 3,90,127 जणांनी धर्माच्या रकान्यात जेडाय लिहिलं. बहुतेकांनी गंमत म्हणून. 2011 मध्ये आकडा 1,76,632 वर आला. गमतीवाल्यांचा हिशेब मला करायचा नाही. गंमत ओसरल्यावरही जे टिकतात आणि ही शिकवण मनापासून जगू पाहतात, त्यांच्याशी मला बोलायचंय. त्यांची टिंगल करणं सोपं आहे; ते मी करणार नाही, कारण त्यांनी एक शहाणपणाचं काम केलंय. त्यांच्यातले अनेक जण संहितेचं वेगळं रूप मानतात: भावना असणारच, तरीही शांत राहता येतं. त्यांना बायकापोरं आहेत, नोकऱ्या आहेत. माया सोडा म्हणणारा नियम त्यांच्या घरात एक दिवस टिकला नसता.

टेक्सासमध्ये नोंदलेल्या ‘टेंपल ऑफ द जेडाय ऑर्डर’नं आणखी पुढचं पाऊल टाकलं. त्यांची प्रतिज्ञा संत फ्रान्सिसच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या प्रार्थनेवर बेतलेली आहे. (ती फ्रान्सिसची नव्हे, 1912 साली एका फ्रेंच नियतकालिकात निनावी छापली गेली होती.) द्वेष असेल तिथे प्रेम न्यावं, असा तिचा भाव. म्हणजे दुसऱ्या माणसाचा विचार करायची वेळ आली तेव्हा त्यांना सिनेमाबाहेर जावं लागलं. ते गेले, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

पण प्रतिज्ञा घेऊन भागत नाही. याच मंदिरानं इंग्लंडमध्ये धर्मादाय संस्था म्हणून नोंदणी मागितली आणि डिसेंबर 2016 मध्ये तिथल्या धर्मादाय आयोगानं नकार दिला. हा धर्म आहे की जीवनशैली, यावर आयोगानं बराच खल केला; त्या वादात मला रस नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा आक्षेप, की यातून समाजाचं नैतिक भलं होतं याचा पुरेसा पुरावा दिसत नाही. हा आक्षेप अनुयायांनी मनावर घ्यायला हवा. नवख्यांच्या अभ्यासक्रमात त्यांनी पुराणकथांचे अभ्यासक जोसेफ कॅम्बेल आणि पौर्वात्य तत्त्वज्ञान उलगडणारे ॲलन वॉट्स ठेवलेत. प्रत्येक पाठानंतर मनात काय उमटलं ते रोजनिशीत लिहायचं. वाचन उत्तम आहे, पण पुन्हा गाडी आपल्याच मनापाशी येऊन थांबते.

माझी मागणी साधी आहे. कॅम्बेलच्या आधी शमीचा पाठ ठेवा. नवख्याला विचारा: पोरगा यानात बसून गेला, आई गुलामच राहिली, मालकाला पैसे हवेत. तू या आठवड्यात काय करशील? आणि रोजनिशीत मनात काय आलं ते लिहून घेऊ नका. कोणाकडे गेलास, किती दिलेस आणि कोण सुटलं, तेवढंच लिहून घ्या.